एकशे एकोणसत्तर घोडे

१

पडद्यावर एकशे एकोणसत्तर हा आकडा आला आणि तिथेच चिकटून बसला.

गॅरेजच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली उभे असलेले सगळे एकमेकांकडे बघू लागले. समोर शटर खाली ओढलेलं होतं. त्यामागे बेकरीवाल्या ताईची निळी गाडी डायनोच्या रोलरवर पट्ट्यांनी बांधलेली होती आणि ताई स्वतः आत स्टिअरिंगपाशी बसली होती. डायनोवर गाडी जागच्या जागी धावते, चाकं रोलर फिरवतात आणि इंजिनात किती घोड्यांचं बळ आहे ते बाहेरच्या पडद्यावर उमटतं. गाड्यांचं वेड असलेली ही मंडळी अधूनमधून रविवारी जमायची, ती याच आकड्यांसाठी.

एरवी फेरी संपली की आतल्या काचेच्या केबिनमधून गॅरेजवाले उस्ताद माइकवर शेरा मारायचे. घोडे उपाशी आहेत, घोडे झोपलेत, असं काहीतरी. आज माइक गप्प होता. आत इंजिन नुसतं गुरगुरत होतं.

"उस्ताद, पुढची फेरी घेताय ना?" लाल गाडीवाल्या वकिलांनी हाक मारली. उत्तर नाही.

इतक्यात इमारतीच्या बाजूच्या बोळातून ताईचा मोठा भाऊ, दादा, धावत आला. त्यानं कोणाकडे न बघता शटर वर ढकललं आणि आत घुसला. बाकीचे मागोमाग गेले. केबिनच्या काचेतून उस्ताद दिसले. कीबोर्डवर डोकं टेकून ते पडले होते, एक हात खुर्चीवरून खाली लोंबत होता.

"हार्ट अटॅक," वकील म्हणाले. "हलवू नका. आहे तिथेच आडवं करा."

"बाहेर न्या," दादा ओरडला. "आधी बाहेर, मोकळ्यावर न्या. ताई, इंजिन बंद कर आणि तूही ये."

त्यानं उस्तादांच्या काखेत हात घातले, उस्तादांच्या मुलानं पाय धरले. दोघांनी त्यांना आवारात आणून निजवलं. श्वास चालू होता, पण उथळ. हाका मारल्या तरी पापणी हलत नव्हती.

मुलगा वडिलांवर वाकला तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशातून एक पट्टी फरशीवर पडली. वकिलांनी ती उचलली आणि उजेडात धरली.

झोपेच्या गोळ्या होत्या. निम्म्या पट्टीत काहीच नव्हतं.

२

अँब्युलन्स उस्तादांना आणि त्यांच्या बायकोला घेऊन गेली. मुलगा मागे राहिला, किंवा खरं सांगायचं तर वकिलांनी त्याला राहायला लावलं.

वकिलांची लाल गाडी दोन माणसांची होती आणि आवाज मात्र वीस माणसांचा करायची. सकाळी तिनं दोनशे पाच घोडे दाखवले होते. गेली दोन वर्षं या आवारात त्यांच्यावर कोणी गेलं नव्हतं. आज ते कोर्टात नव्हते, पण त्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं.

"सकाळी वडिलांशी भांडण झालं?"

"झालं," मुलगा म्हणाला. सगळे त्याला छोटे उस्ताद म्हणायचे. "मी बॅटरीच्या गाड्यांचं काम शिकायला जाणार आहे. बाबांना ते पटत नाही. आवाज नसलेल्या गाडीला ते मिक्सर म्हणतात."

"एरवी डायनोवरच्या गाडीत तू बसतोस. आज का नाही बसलास?"

"त्यांच्याशी बोलायची इच्छा नव्हती. म्हणून ताई स्वतःच बसली."

"पण चहा तू दिलास."

"रोज मीच देतो."

"आणि गोळ्या?"

"आईच्या आहेत. संपत आल्यात. दुकानात दाखवून तशाच आणायच्या होत्या." त्यानं वकिलांच्या हातातल्या पट्टीकडे बघितलं. "वकीलकाका, तुम्ही मला लहानपणापासून ओळखता."

वकिलांनी मान खाली घातली, पण फोन केला. हॉस्पिटलमध्ये त्यांनी सांगितलं, पेशंटच्या पोटात झोपेच्या गोळ्या गेल्या असाव्यात, त्या दृष्टीनं बघा.

हे सगळं एक बाई शेडच्या खांबाला टेकून ऐकत होत्या. त्यांना सगळे सर्व्हेअरबाई म्हणायचे. विमा कंपनीसाठी त्यांनी आयुष्यभर जळालेली गोदामं आणि चेपलेल्या गाड्या तपासल्या होत्या. त्यांची पांढरी गाडी इतकी जुनी झाली होती की तिच्यात किती जीव उरलाय ते बघायला त्या आल्या होत्या. सकाळी तिनं एक्केचाळीस घोडे दाखवले, तेव्हा उस्ताद माइकवर म्हणाले होते, "घोडे म्हातारे झालेत बाई, पण माणसाळलेले आहेत." सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्यालाच पडल्या होत्या.

आता बाई मुलाकडे बघत नव्हत्या. त्या कोपऱ्यातल्या बेसिनकडे बघत होत्या.

तिथे बेकरीवाली ताई वाकून उलटी करत होती.

३

"चहा घेतला होतास?" बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवत विचारलं.

"मी चहा पीतच नाही." ताईनं तोंड धुतलं. "टेन्शननं होतंय. दुसऱ्या फेरीपासून डोकं ठणकायला लागलं. तिसऱ्या फेरीला तर काटे दोन-दोन दिसत होते."

टेन्शन असणं साहजिक होतं. शेडखाली एक पाहुणा बसला होता, रेसिंगच्या संघाचा मॅनेजर. ताईनं ते इंजिन बेकरीच्या मागच्या खोलीत, भट्टीचं काम उरकल्यावर, स्वतःच्या हातानं बांधलं होतं. ते दोनशेच्या वर गेलं तर संघात इंजिनं बांधायचं काम तिला द्यायचं त्यानं कबूल केलं होतं. काम दूरच्या शहरात होतं.

"चहाच्या सुट्टीनंतर तुझ्या तीन फेऱ्या झाल्या, त्यांचे आकडे काय आले?"

"पहिली एकशे त्र्याण्णव. मग एकशे ऐंशी. मग एकशे एकोणसत्तर." ताईचे डोळे भरून आले. "घरी चाचणी घेतली तेव्हा इंजिन इतकं छान ओढत होतं. बाई, मी कुठे चुकले?"

"इंजिन तापलं असेल," मागून वकील म्हणाले. ते खवचटपणे म्हणाले नव्हते.

"तापलं असतं तर तापमानाचा काटा वर गेला असता," बाई म्हणाल्या. "ताई, गेला होता का?"

"नाही. तो जागेवर होता."

"आणि तुमची गाडी सकाळी पाचदा धावली, वकीलसाहेब. घोडे किती कमी झाले?"

"दोन. फार तर तीन."

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. जळालेल्या गोदामात उभं राहून त्या असंच करायच्या. आग कुठून आली ते आधी बघायचं नाही, हवा कुठून आली ते बघायचं, ही त्यांची सवय.

"आत तिघं होते," त्या म्हणाल्या. "उस्ताद, ताई आणि इंजिन. उस्ताद बेशुद्ध पडले. ताईचं डोकं धरलं, उलटी झाली. इंजिनाचा दर फेरीला दम कमी होत गेला. इंजिनानं चहा घेतला नाही आणि ताईनंही नाही. मग तिघांनी मिळून काय घेतलं?"

बाईंनी डायनोच्या खोलीकडे बोट दाखवलं.

"हवा घेतली. गाडीचा धूर आत कोंडला होता."

त्यांनी फोन लावला. पलीकडच्या डॉक्टरांनी सांगितलं की पेशंटच्या बोटावरचं यंत्र ऑक्सिजन छान दाखवतंय, म्हणूनच गोळ्यांचा विचार चालू आहे.

"बंद खोलीत पेट्रोलचं इंजिन चालू होतं, डॉक्टर. त्यांच्याबरोबर आत असलेल्या एका बाईलाही त्रास होतोय."

डॉक्टरांचा सूर बदलला. "मग ते यंत्र फसतं. धुरातला गॅस त्याला ऑक्सिजनच वाटतो. बरं झालं सांगितलंत. ऑक्सिजन आत्ता लावतो, रक्त तपासायला पाठवतो. त्या बाईंनाही लगेच आणा."

"वकीलसाहेब, ताईला घेऊन निघा," बाई म्हणाल्या. "त्या दोनशे पाच घोड्यांचा आज तरी काही उपयोग होऊ दे."

दादा पुढे झाला, पण गाडीत जागा दोघांचीच होती.

"तुम्ही माझ्याबरोबर या," बाई त्याला म्हणाल्या. "आधी मला एक बघायचंय. गाडीच्या धुराला बाहेर जायला पाइप आहे. सकाळभर तो धूर नीट बाहेर जात होता. मग चहाच्या सुट्टीनंतर तो आत का राहिला?"

४

गाडीच्या सायलेन्सरला एक जाड लवचीक पाइप सैलसा अडकवलेला असायचा. तो भिंतीतून मागच्या बोळात निघायचा. बाई छोट्या उस्तादला घेऊन तिकडे गेल्या. दादा मागे कचराकुंडीपाशी उभा राहिला.

पाइपचं तोंड मोकळं होतं. आतला पंखाही फिरत होता.

"काहीच बिघडलेलं नाही," मुलगा म्हणाला.

बाईंनी चष्मा पुसला आणि तोंडाशी वाकल्या. आत काजळीचा जाड थर होता, पण काठाजवळ एक रुंद पट्टा स्वच्छ पुसला गेला होता, ओल्या फडक्यानं पुसावा तसा. खालच्या भिंतीवर काळ्या पाण्याचे ओघळ अजून वाळले नव्हते.

"कोणीतरी यात ओलं कापड कोंबलं होतं," त्या म्हणाल्या. "आणि नंतर ते ओढून काढलं. धूर बाहेर पडेना, मग तो सायलेन्सरपाशी सैल जागेतून खोलीत गेला."

"पण शटर उघडं असतं तर इतका कोंडला नसता," मुलगा म्हणाला, आणि बोलता बोलता थांबला.

"शटर कोणी खाली ओढलं?"

"मी. सुट्टीत शेजारचे येऊन आवाजाबद्दल कुरकुरून गेले. म्हणून मी ओढलं." तो भिंतीला टेकून खाली बसला. "बाई, म्हणजे मीच..."

आवारातून मॅनेजर बोळात आला होता. त्यानं हे शेवटचं ऐकलं. "हॉस्पिटलवाले पोलिसांना कळवणारच," तो हळूच म्हणाला. "वडिलांशी भांडण, खिशात गोळ्या आणि शटरही यानंच ओढलं. पोलीस काय समजतील ते सांगायला नको."

बाई भिंतीपाशी वाकल्या. त्या मुलाला म्हणाल्या, "तिसऱ्या फेरीला तू कुठे होतास?"

"पडद्यापाशी."

"माझ्या शेजारी," मॅनेजर म्हणाला. "वकीलही तिथेच होते. आम्ही तिघं बोलत होतो."

"उस्ताद सापडल्यापासून सगळे आवारात माझ्यासमोर होते, बोळात कोणी आलं नाही. म्हणजे कापड तिसऱ्या फेरीतच निघालं, आणि ज्यानं ते ओढून काढलं, तो तुमच्या तिघांपैकी नव्हता."

त्या वळल्या. दादा कचराकुंडीपाशी नव्हता.

५

तो शेडमध्ये सापडला, बनपावाच्या क्रेटपाशी बसलेला.

सकाळी सगळ्यांना त्यानंच बन वाटले होते. "आज भट्टी थंड आहे," तो तेव्हा म्हणाला होता, "कालचेच आहेत, पण मऊ राहतील." क्रेटवर जाड ओलं कापड घातलेलं होतं, पिठावर घालतात तसं. आता क्रेट उघडाच होता आणि वरचे बन कडक झाले होते.

बाई त्याच्या शेजारी बाकावर टेकल्या. मुलाला आणि मॅनेजरला त्यांनी हातानंच दूर थांबायला सांगितलं.

"दादा, हात बघू."

त्यानं उजवा हात पुढे केला. हातावर जुने डाग पुष्कळ होते, भट्टीवर काम करणाऱ्या कुठल्याही माणसाच्या हातावर असतात तसे. पण तळव्यावर आडवा फोड आलेला होता, पाण्यानं टचटचीत भरलेला.

"भट्टी थंड असताना हे कुठे भाजलं?" बाईंनी विचारलं. उत्तराची वाट न बघता त्या बोलत राहिल्या. "मी या फोडावरून तुम्हाला ओळखलं नाही. कापडावरूनही नाही. उस्ताद पडले तेव्हा आम्ही सगळे हृदयाचा झटका समजलो. आडवं करा, हलवू नका, असंच सगळे म्हणत होते. तुम्ही एकटेच म्हणालात, मोकळ्यावर न्या. हवेचा प्रश्न आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. तुम्हाला होतं."

दादानं हात मागे घेतला.

"मला वाटलं, शटर उघडंच आहे," तो म्हणाला. "भट्टीच्या धुराड्याची झडप लावली की आग मंदावते. तसं इंजिन थोडं मंदावेल, एवढंच डोक्यात होतं. आकडा दोनशेच्या खाली राहिला की झालं. मी बोळात होतो, मला इकडचं दिसत नव्हतं. दुसऱ्या फेरीनंतर बोळाच्या टोकाशी येऊन बघितलं, तर शटर खाली." त्यानं शटरकडे बघितलं. "आत माझी बहीण होती, बाई. मी परत पळत गेलो. पाइप तापला होता, ते कापड निघतच नव्हतं. त्यात तिसरी फेरी झाली."

"कापड कुठे आहे?"

"कचराकुंडीत."

"का केलंत?"

"आई अंथरुणाला खिळलीय. बेकरीत आम्ही दोघंच. पहाटे ती पीठ मळते, मी भट्टी बघतो. ती गेली तर..." त्यानं मान वर केली. "उस्ताद वाचतील का?"

"माहीत नाही. चला."

उस्तादांचा मुलगा काही अंतरावर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. बाईंनी पांढऱ्या गाडीचं दार उघडून धरलं, मुलाला पुढे बसवलं आणि दादाला मागे.

हॉस्पिटलच्या फाटकात शिरताना बाईंचा फोन वाजला. त्यांनी गाडी कडेला घेतली, ऐकलं, "बरं" म्हणाल्या आणि फोन खाली ठेवून स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

६

"गॅसच निघाला," त्या म्हणाल्या. "ऑक्सिजन वेळेत लागला. डोळे उघडलेत. बायकोला ओळखलं."

मुलगा खिडकीकडे तोंड करून रडला. मागच्या सीटवर दादानं दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला, भाजलेल्या हातासकट.

वर कॉरिडॉरमध्ये ताई मास्क लावून खुर्चीत बसली होती. वकील तिची पर्स मांडीवर घेऊन शेजारी बसले होते. मुलाला बघून ते उठले. "माझं चुकलं," एवढंच ते म्हणाले. मग, वकील असल्यामुळे, पुढेही बोलले, "पोलीस आले तर मी तुझ्या बाजूनं उभा राहतो. फी नाही." मुलगा नुसती मान हलवून आत पळाला.

दादा बहिणीसमोर उकिडवा बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. कचराकुंडीतल्या कापडापर्यंत सांगितलं.

ताईनं मास्क खाली केला.

"मी जायला नको होतं, तर तोंडानं सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू गेली नसतीस."

"मग?"

"मग जन्मभर मला वाटत राहिलं असतं, हिला मी अडवलं." तो खाली बघत होता. "मला वाटलं, आकड्यानंच नाही म्हणावं. मी नको."

ताईला राग आला होता आणि तो लवकर जाणार नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तरी तिनं त्याचा हात ओढून घेतला आणि फोड बघितला.

"यावर काही लावलंस का?"

"नाही."

"मूर्ख आहेस," ती म्हणाली. "आत जाऊन उस्तादांना सांग. मग पोलिसांना. दोन्ही ठिकाणी मी येते. पण काम मिळालं तर मी जाणार आहे, दादा. भट्टीवर माणूस ठेव. आईला मी समजावते."

"जा," दादा म्हणाला.

मॅनेजर टॅक्सीनं मागून आला होता. तो वकिलांच्या कानाशी लागला, पण बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं. कोंडलेल्या धुरात एकशे एकोणसत्तर देणारं इंजिन मोकळ्या हवेत काय देईल ते बघायला तो पुन्हा येणार होता. वकिलांनी घसा खाकरला. "मला वाटतं," ते म्हणाले, "माझे दोनशे पाच आता धोक्यात आहेत." तसं म्हणताना ते बऱ्यापैकी खूश दिसत होते.

दादा उठला, शर्ट नीट केला आणि खोलीच्या दाराशी गेला. पण त्यानं दार ढकलण्याआधीच आतून आवाज आला. आवाज घोगरा होता, मास्कमुळे अर्धवट होता, तरी ओळखू येत होता.

"शटर ओढायच्या आधी मला विचारायचं नाही? एवढा मोठा झालास तरी..."

"बाबा, बोलू नका. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांना सांग, मला या मिक्सरवाल्याशी बोलायचंय."

"मी जाणार आहे शिकायला. भांडा हवं तर."

"जा ना. मी कुठे अडवतोय? पण मिक्सर दुरुस्त करून घरी आणायचा नाही."

दादा भांडण संपायची वाट बघत दाराशीच थांबला. शेजारी उस्तादांची बायको उभी होती. आतलं भांडण ऐकत तिनं पदर तोंडाला लावला. ती हसतेय की रडतेय, कोणाला कळेना. मग ती भिंतीला धरून बाकावर बसली, सर्व्हेअरबाईंच्या शेजारी, आणि पाय लांब केले.

"ओरडतायत," ती म्हणाली. "चांगले ओरडतायत."

"हो," बाई म्हणाल्या. "आणखी थोडा वेळ ओरडू दे."